स्तरित सरोवरांतील अंतर्गत तरंगांचा भंग : एका प्रश्नाचा इतिहास

चैत्र-वैशाखात भरल्या विहिरीत सूर मारणाऱ्या मुलास एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. वरचे पाणी कोमट असते. पुरुषभर खाली गेले की अंगाला एकाएकी गारठा लागतो. ऊष्ण पाणी हलके म्हणून वर राहते, थंड पाणी जड म्हणून तळाशी, आणि दोहोंच्या मध्ये तापमान झपाट्याने उतरत जाणारा एक पातळ थर असतो. या थराला प्रस्तुत लेखात आपण ‘संधिस्तर’ म्हणू. विहिरीत जे घडते तेच मोठ्या प्रमाणावर तलावात घडते. धाराशिव जिल्ह्यातील परंडा तालुक्यात काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे प्रसिद्ध असलेले सोनारी हे गाव आहे. हा सारा मुलूख अवर्षणाचा. याच तालुक्यात सीना नदीचे पाणी कोळेगाव येथे धरण घालून अडविले आहे. अशा प्रदेशात साठविलेल्या पाण्याचे मोल किती हे सांगावयास नको. परंतु ते पाणी बांधाआड स्वस्थ पडून असते, ही जी सर्वसाधारण समजूत आहे ती मात्र खरी नाही. वरून आरशासारख्या दिसणाऱ्या जलाशयाच्या पोटात मोठमोठे तरंग हेलकावत असतात, आणि ते जेव्हा मोडतात तेव्हा तळाचे पाणी वर येते व वरचे पाणी तळाशी जाते. हे तरंग असतात, हे मानण्यास विद्वानांना पुष्कळ वेळ लागला; ते मोडतात कसे, हे समजण्यास त्याहूनही अधिक लागला. या दुसऱ्या विलंबाची कारणे शोधणे हा या लेखाचा विषय आहे.

प्रश्नाचा उगम एका दिव्यात आहे. काचेच्या पेल्यात खाली पाणी व वर तेल घालून वात लावण्याची पद्धत आपल्याकडेही घरोघर होती. बेंजामिन फ्रँक्लिन याने जहाजावरील प्रवासात असाच एक दिवा टांगला होता. जहाज हलू लागले की तेलाचा पृष्ठभाग जवळजवळ निश्चल राही. त्याखालील पाणी मात्र जोराने उसळत असे. 1762 मध्ये लिहिलेल्या एका पत्रात त्याने हे नमूद केले. त्याला याचे नवल वाटले ते योग्यच होते. पाणी आणि हवा यांच्या घनतेतील फरक प्रचंड असल्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग वर उचलण्यास पुष्कळ शक्ती लागते. तेल आणि पाणी यांच्या घनतेतील फरक थोडा. म्हणून त्यांच्यामधील सीमा थोड्या धक्क्यानेही मोठी उसळी घेते, आणि पुन्हा मूळ जागी येण्यास तिला वेळही फार लागतो. पुढे 1847 मध्ये केंब्रिजच्या स्टोक्सने दोन द्रवांच्या सीमेवरील अशा तरंगांचे गणित मांडले. म्हणजे सिद्धांत हाताशी होता. तो सरोवराला लावावा, असे मात्र बराच काळ कोणास सुचले नाही.

सरोवरांच्या हेलकाव्यांचा पद्धतशीर अभ्यास स्वित्झर्लंडमध्ये सुरू झाला. फोरेल हा जिनीव्हा सरोवराच्या काठी मॉर्ज येथे राहणारा वैद्यकाचा अभ्यासक. 1869 पासून त्याने त्या सरोवराच्या पातळीतील चढउतारांच्या नोंदी घेतल्या आणि दाखवून दिले की हिंदकळणाऱ्या परातीप्रमाणे सारे सरोवर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे झुलते. जिनीव्हा सरोवराचा असा एक झोका सुमारे 74 मिनिटांचा असतो. सरोवरविज्ञान या शास्त्राचा जनक म्हणून फोरेलचे नाव घेतले जाते, आणि ते यथार्थ आहे. परंतु त्याची दृष्टी प्रामुख्याने पृष्ठभागावर होती. पृष्ठभाग डोळ्यांना दिसतो, काठावर खुंटी रोवून मोजता येतो. आतला झोका दिसत नाही. तो केवळ तापमापकाला कळतो, आणि तोही एकच तापमापक एकाच खोलीवर दीर्घकाळ ठेवला तरच.

1894 मध्ये फ्रान्समधील थूले याने व्होज पर्वतातील लाँजमेर सरोवरात तापमानाचे असे चढउतार नोंदविले होते. तथापि निर्णायक काम झाले ते स्कॉटलंडमध्ये. ‘चॅलेंजर’ जहाजावरील जगप्रसिद्ध सागरी मोहिमेत (1872-76) भाग घेतलेले सर जॉन मरे यांनी लॉरेन्स पुलर यांच्या सहकार्याने स्कॉटलंडमधील 562 सरोवरांची खोली मोजण्याचे प्रचंड कार्य हाती घेतले होते. वाऱ्यामुळे ऊबदार पाणी सरोवराच्या एका टोकाला लोटले जाते आणि दुसऱ्या टोकाला थंड पाणी वर येते, हे मरे यांनी 1888 मध्येच लिहून ठेवले होते. वारा थांबल्यावर त्या कललेल्या संधिस्तराचे काय होते, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर मरे यांच्या पाहणीतील ई. आर. वॉटसन याने 1904 मध्ये दिले. लॉख नेस हे लांबट, अरुंद व सव्वादोनशे मीटरांहून अधिक खोल सरोवर आहे. त्यातील तापमानाच्या नोंदींवरून वॉटसनने असे अनुमान काढले की संधिस्तर सरोवराच्या लांबीभर झुलत असतो आणि त्याचा एक झोका पुरा होण्यास सुमारे तीन दिवस लागतात. जिनीव्हाच्या 74 मिनिटांशी याची तुलना केली म्हणजे त्या काळच्या वाचकास हे अनुमान किती धाडसाचे वाटले असेल याची कल्पना येते.

वॉटसनचे काम पुढे नेणारा अर्नेस्ट वेडरबर्न हा व्यवसायाने एडिंबरोचा वकील. (आपल्याकडे मुंबई इलाख्यात सनदी नोकरी केलेले व 1889 च्या मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष झालेले सर विल्यम वेडरबर्न ते निराळे.) या वकिलाने 1907 ते 1915 या काळात लॉख नेस, लॉख अर्न आणि पोमेरेनियातील माड्यू सरोवर येथे निरीक्षणे केली, टाकीत दोन द्रव घालून प्रयोग केले आणि स्टोक्सपासून चालत आलेल्या गणिताने झोक्यांचे काल काढून दाखविले. साधनांच्या मानाने त्याचे काम आजही थक्क करणारे आहे. त्याचे नाव पुढे एका संख्येला देण्यात आले. तिचा विचार लेखाच्या अखेरीस येईल.

वॉटसन व वेडरबर्न यांच्यासमोरील वाद ‘असा झोका असतो की नाही’ हा होता. अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या बर्जने 1910 मध्ये या झोक्यांच्या पुराव्याची छाननी करणारा निबंध लिहिला, यावरून मूळ अस्तित्वाचा प्रश्नच त्या वेळी किती जिवंत होता हे दिसते. अस्तित्व सिद्ध करावयाचे तर नियमितपणा दाखविला पाहिजे. नियमितपणा दाखवावयाचा तर सरोवराला आयताकृती हौद मानावे, त्यात दोन स्वच्छ थर मानावे, तरंग लहान मानावा आणि आलेखावर एक गुळगुळीत वक्र काढावा. सिद्धांताला हे सारे क्षम्य होते, किंबहुना आवश्यक होते. परंतु लहान मानलेला तरंग गणितात कधीच मोडत नाही. तो घर्षणाने हळूहळू मंदावतो, एवढेच. शिवाय तापमान ठराविक वेळाने, हाताने, होडीत बसून घ्यावे लागे. दोन नोंदींच्या मध्ये जे काही मिनिटांत घडून गेले ते कागदावर उतरणे शक्य नव्हते. ज्या कल्पनेने तरंगाचा शोध लागला, त्याच कल्पनेने त्याचा भंग झाकून ठेवला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. यात त्या संशोधकांचा दोष नाही.

भंगाचे शास्त्र दरम्यान दुसऱ्याच वाटांनी वाढत होते, आणि त्या वाटा सरोवराकडे येत नव्हत्या. एकावर एक सरकणाऱ्या दोन द्रवांच्या सीमेवर भोवऱ्यांची माळ उठते, हे हेल्महोल्ट्झने 1868 मध्ये व केल्विनने 1871 मध्ये दाखविले. 1883 मध्ये मँचेस्टरच्या ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने पाणी व कार्बन बायसल्फाइड भरलेली नळी कलती करून त्यांच्या सीमेवर लाटा उठताना प्रत्यक्ष पाहिल्या. दुसरी वाट एकाकी तरंगाची. 1834 मध्ये एडिंबरोजवळच्या कालव्यात एक होडी अचानक थांबली, आणि तिच्या नाळेपासून सुटलेला पाण्याचा एकच गोल उंचवटा आकार न बदलता पुढे धावत गेला. स्कॉट रसेलने घोड्यावरून त्याचा पाठलाग केला. या तरंगाचे समीकरण कोर्तवेग व द व्रीस या डच गणितज्ञांनी 1895 मध्ये मांडले, आणि तेही पुढे सत्तर वर्षे जवळजवळ पडून राहिले. 1965 मध्ये झबुस्की व क्रुस्कल यांनी संगणकावर त्याचा विचार केला तेव्हा त्याला नवे आयुष्य लाभले. तिसरी वाट उत्तरेकडील समुद्राची. 1893 मध्ये नानसेनचे ‘फ्राम’ जहाज वितळत्या बर्फाच्या गोड्या पाण्याचा थर असलेल्या समुद्रात जणू कोणी धरून ठेवावे तसे मंदावले. एकमनने टाकीत प्रयोग करून 1904 मध्ये, म्हणजे वॉटसनच्याच वर्षी, सिद्ध केले की जहाजाची शक्ती आतल्या सीमेवर तरंग उठविण्यात खर्च होत होती. लॉख नेस आणि रसेलचा कालवा एकाच देशात, आणि वेडरबर्नचे घर तर त्या कालव्याच्याच शहरात. तरीही या दोन गोष्टी एकत्र येण्यास आणखी सहा दशके जावी लागली.

पहिल्या महायुद्धानंतर हा विषय मागे पडला. तो पुन्हा वर आणला क्लिफर्ड मॉर्टिमर याने. मॉर्टिमर मुळात जीवशास्त्राचा माणूस. इंग्लंडमधील विंडरमिअर सरोवराच्या काठी काम करताना त्याने 1941-42 मध्ये तळाचा चिखल व पाणी यांच्यातील देवघेवीवर दोन मोठे निबंध लिहिले. संधिस्तराखालच्या पाण्याला हवेचा स्पर्श होत नाही. त्यातील प्राणवायू संपत जातो. तो संपला की चिखलात बांधून राहिलेले लोह, मँगनीज, अमोनिया व फॉस्फरस पाण्यात सुटू लागतात. मग हे द्रव्य वर येते कसे? संधिस्तर तर झाकणासारखा. या जीवशास्त्रीय अडचणीनेच मॉर्टिमरला तरंगांकडे वळविले, आणि 1952 मध्ये विंडरमिअरच्या तापमानावरील त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याने आता विजेचे तापमापक वापरले होते. वादळी वाऱ्यानंतर संधिस्तर कसा कलतो आणि मग कसा झुलू लागतो हे त्याने सविस्तर दाखविले. माझ्या मते या विषयाच्या इतिहासात खरी कलाटणी येथे आहे. यापूर्वी तरंग हे एक भौतिक कुतूहल होते. मॉर्टिमरपासून ते सरोवराच्या श्वासोच्छ्वासाचा भाग झाले. तरंगाचा शेवट कोठे व कसा होतो, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिला नाही.

सिद्धांताच्या बाजूनेही या वेळी एक कसोटी हाती आली. 1961 मध्ये माइल्स व हॉवर्ड यांनी सिद्ध केले की थरांची स्थिरता व त्यांच्यातील सरकण यांचे ठराविक गुणोत्तर, ज्याला रिचर्डसन संख्या म्हणतात, ते सर्वत्र एकचतुर्थांशाहून अधिक असेल तर प्रवाह स्थिर राहतो. त्याखाली उतरले तर भोवरे उठण्याचा संभव. स्टीव्ह थॉर्पने रेनॉल्ड्सची कलती नळी नव्या सामग्रीनिशी पुन्हा वापरून ते भोवरे गुंडाळले जाताना व कोसळताना टिपले. तोच थॉर्प पुढे लॉख नेसवर गेला. सरोवरात सोडलेल्या तारेवर तापमापक ओळीने बांधलेले होते आणि त्यांच्या नोंदी सलग होत होत्या. 1971 मध्ये त्याने लिहिले की लॉख नेसचा झोका समतोल नाही. संधिस्तर एका बाजूस जितक्या वेळात चढतो तितक्याच वेळात उतरत नाही. पुढच्या वर्षी हॉल व क्रॉफ्ट्स यांच्यासह त्याने प्रसिद्ध केले की तो झोका सरोवरातून एखाद्या लोंढ्यासारखा, उभ्या कडेनिशी प्रवास करतो आणि त्याच्या मागे आखूड लाटांची रांग असते. वॉटसनने 1904 मध्ये ज्या सरोवरात गुळगुळीत झोका पाहिला, त्याच सरोवरात हा लोंढा निघाला. सरोवर तेच होते. नोंदींमधील अंतर कमी झाले होते.

लोंढा बनतो तो असा. वरचा ऊबदार थर पातळ व खालचा थंड थर जाड असेल तर जेथे वरचा थर अधिक खोल दाबला गेला आहे तेथे तरंगाची गती अधिक असते. म्हणून मागचा खोल भाग पुढच्या उथळ भागाला गाठतो आणि पुढची कड उभी होत जाते. ती फार उभी झाली की एक उलट प्रवृत्ती जागी होते: आखूड लाटा लांब लाटांहून मंद असल्यामुळे मागे पसरू लागतात. या दोन प्रवृत्तींचा तोल साधला की मोठा तरंग फुटून एकाकी तरंगांची माळ होते; प्रत्येक मणी रसेलच्या कालव्यातल्या उंचवट्याचा भाऊबंद, फक्त उलटा, खाली तोंड केलेला. अमेरिकेतील सेनेका सरोवरात हंकिन्स व फ्लीगेल यांनी 1973 मध्ये, आणि कॅनडातील बाबीन सरोवरात फार्मरने 1978 मध्ये, अशा माळा ओळखल्या. आपल्या शेजारच्या अंदमान समुद्रात ऑस्बोर्न व बर्च यांनी 1980 मध्ये वर्णिलेले प्रचंड अंतर्गत तरंग याच कुळातले.

येथपर्यंत शक्ती मोठ्या तरंगातून लहान तरंगांत गेली. ती अजून उष्णतेत व मिश्रणात गेलेली नाही. हा शेवटचा टप्पा काठाशी घडतो. एकाकी तरंग उतरत्या तळाजवळ आला की त्याच्याखालचा थंड थर पातळ होत जातो. दोन थरांचे प्रमाण उलटते, तरंगाची मागची बाजू उभी होते आणि तो समुद्रकिनाऱ्यावरील लाटेप्रमाणे, पण पाण्याच्या आतच, फुटतो. गढूळ, मिसळलेले पाणी मग आडवे पसरत सरोवराच्या मध्याकडे जाते. याचे उत्तम प्रमाण स्वित्झर्लंडमधील आल्पनाख सरोवराने दिले. तेथे खोल थरात रंगद्रव्य सोडले असता ते मध्यभागी असेपर्यंत उभ्या दिशेने जेमतेम पसरले. काठाच्या तळाला लागताच पसरण्याचा वेग सुमारे दसपट झाला. गौडस्मिट व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे 1997 मध्ये प्रसिद्ध केले. सरोवराचे मिश्रण सर्वत्र सारखे होत असते, हे गृहीत त्याने कायमचे बाजूस पडले.

या विखुरलेल्या घटनांना एका कोष्टकात बसविण्याचे श्रेय पश्चिम ऑस्ट्रेलियातील हॉर्न, इम्बर्गर व आयव्ही यांच्या 2001 मधील निबंधाला द्यावे लागते. सहा मीटर लांबीची बंद टाकी, तिच्यात दोन थर, ती कलती करून एकदम सरळ करावयाची: प्रयोग इतका साधा. कल लहान असेल तर झोका घर्षणाने निमूटपणे विरतो. कल वाढविला की एकाकी तरंगांची माळ होते. आणखी वाढविला की उभी भिंत धावते व भोवरे उठून संधिस्तर जागच्या जागी फाटतो. कोणत्या सरोवरात कोणता प्रकार घडेल, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: थरांच्या जाडीचे प्रमाण, आणि वाऱ्याच्या रेट्यापुढे थरांचा टिकाव दाखविणारी संख्या. 1980 पासून या संख्येला वेडरबर्न संख्या म्हणतात. ती एकाहून पुष्कळ मोठी असेल तर तरंग शांतपणे झुलतो; एकाच्या खाली गेली तर तळाचे पाणी वाऱ्याकडील काठाला पृष्ठभागापर्यंत येते.

हे सारे थंड देशांतील सरोवरांचे, त्याचा सीनेच्या खोऱ्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. याला पाण्याचाच एक गुणधर्म उत्तर देतो. पाण्याची घनता थंडीत तापमानाबरोबर फार थोडी बदलते, उन्हाळ्यात पुष्कळ. 10 व 12 अंश सेल्सियसच्या पाण्यात दर घनमीटरला सुमारे 0.2 किलोग्रॅमचा फरक असतो. 28 व 30 अंशांच्या पाण्यात तोच जवळजवळ 0.6 किलोग्रॅम, म्हणजे तिप्पट. म्हणून आपल्याकडे दोन-चार अंशांचा फरकही मजबूत थर बांधतो. या प्रदेशाच्या मानाने एक कल्पित जलाशय घेऊन हिशेब करून पाहू. लांबी 8 किलोमीटर. वर 5 मीटर पाणी 28 अंशांचे, खाली 10 मीटर पाणी 24 अंशांचे. त्याच्या पृष्ठभागाचा झोका सुमारे 22 मिनिटांचा येतो. अंतर्गत तरंगाचा वेग मात्र सेकंदाला 19 सेंटीमीटर, रमतगमत चालणाऱ्या माणसाहूनही मंद; आणि त्याचा झोका जवळजवळ 24 तासांचा. वाऱ्याने पृष्ठभागावर एक मिलिमीटर चढण निर्माण केली तर संधिस्तर सुमारे एक मीटर कलतो.

24 तास हा आकडा महत्त्वाचा आहे. उन्हाळ्यात दुपारनंतर वाढणारा व रात्री पडणारा वारा रोज त्याच वेळी झोका देतो, आणि जलाशयाचा स्वतःचा झोका तितक्याच कालावधीचा असेल तर पाळण्याला वेळेवर दिलेल्या झोक्याप्रमाणे तो वाढत जातो. गॅलिलीच्या, म्हणजे किनेरेत सरोवरात भूमध्य समुद्रावरून येणाऱ्या दुपारच्या वाऱ्याने असे घडत असल्याचे दीर्घ अभ्यासांनी दाखविले आहे. आपल्या कल्पित जलाशयावर ताशी 14 किलोमीटरचा वारा सहा तास टिकला तर वेडरबर्न संख्या सुमारे 1.3 येते, म्हणजे तरंग उभा होऊन एकाकी तरंगांत फुटण्याजोगा. वारा ताशी 22 किलोमीटर झाला की ती 0.6 पर्यंत उतरते. मग वाऱ्याकडील काठाला तळाचे प्राणवायुहीन पाणी वर येईल. वाऱ्याचा वेग दीडपट झाला असता परिणामाची जातच बदलते. त्यात उन्हाळ्यात जलाशय आटत जातो. समजा, वरचा थर 5 ऐवजी 3 मीटरच राहिला. संख्येत या जाडीचा वर्ग येतो. म्हणून इतर सारे तेच असताना ती जवळजवळ एकतृतीयांशावर येते, आणि एरवी निरुपद्रवी असलेला वाराही पुरेसा ठरतो. एखाद्या सकाळी एकाच काठाला मासे मरून पडलेले आढळतात, किंवा कालपर्यंत बरे असलेले पाणी नळाला पिवळट व वासाचे येते, तेव्हा लोक विषप्रयोगाचा संशय घेतात. आदल्या दिवशी वारा कोणत्या दिशेने व किती वेळ वाहिला, हे अशा वेळी प्रथम पाहिले पाहिजे. मासे वाऱ्याकडील काठाला मेले असतील तर तळाचे पाणी वर आल्याचा संशय बळावतो. वाऱ्याच्या उलट टोकाला मेले असतील तर कारण दुसरीकडे शोधावे लागेल.

मोजणीची साधने आज स्वस्त झाली आहेत. एका दोरीवर मीटर-मीटरच्या अंतराने बांधलेले आठ-दहा स्वयंनोंदी तापमापक बांधापासून थोड्या अंतरावरील खोल पाण्यात, आणि तशीच दुसरी दोरी जलाशयाच्या शेपटाकडे, एवढ्याने भागते. मात्र नोंदी दिवसातून एकदा घेऊन उपयोग नाही. आपल्या कल्पित जलाशयाचा झोका नेमका 24 तासांचा आहे. रोज सकाळी आठ वाजता घेतलेल्या नोंदीत तो तरंग प्रत्येक वेळी एकाच अवस्थेत सापडेल आणि संधिस्तर महिनाभर जागचा हललाच नाही असे दिसेल. तासातासाला घेतल्यास झोका दिसेल. लोंढ्याची उभी कड पाहावयाची असेल तर नोंद दर मिनिटाला हवी.